सूर्याचा वायदा : तारीख आणि अट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

१९८० च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. अणुगर्भाचा धडा आला की माझी गाडी हमखास सूर्यावर जायची. सूर्य कसा जळतो, हायड्रोजनचे हेलियम कसे होते, हे फळ्यावर मांडून झाले की मी खडू खाली ठेवायचो आणि मोठ्या थाटात सांगायचो, "मुलांनो, हे शतक संपायच्या आत समुद्राच्या पाण्यातल्या हायड्रोजनपासून वीज मिळू लागेल. मग विजेची टंचाई हा शब्द फक्त शब्दकोशात उरेल."

२०१२ साली एका लग्नात त्याच वर्गातला एक विद्यार्थी भेटला. आता तो पन्नाशीचा, गावी उसाची शेती करणारा. वाकून नमस्कार केला, घरची विचारपूस केली आणि मग हळूच म्हणाला, "सर, तुमच्या त्या समुद्राच्या विजेचं काय झालं? आमच्या मोटारीला अजून रात्री बारानंतरच लाईट येतीय. पाणी पाजायला बॅटरी घेऊन जावं लागतं." पंगतीतले सगळे हसले. मीही हसलो. पण जेवणावरचे लक्ष उडाले ते उडालेच.

त्याचा प्रश्न योग्य होता. मी त्याला तारीख दिली होती आणि ती उलटून गेली होती. ती तारीख माझी नव्हती, कुठेतरी वाचलेली होती. ती पहिल्यांदा कोणी दिली, का दिली आणि ती का चुकली, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो. आज त्याचीच हकिकत आपल्यासमोर मांडणार आहे.

सुरुवात जिनिव्हापासून करू. ऑगस्ट १९५५. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद संयुक्त राष्ट्रांनी तिथे भरवली होती. हिरोशिमाला अवघी दहा वर्षे झालेली. सत्तरहून अधिक देशांचे प्रतिनिधी आलेले. अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांचे अणुशास्त्रज्ञ इतक्या मोठ्या संख्येने प्रथमच एका छताखाली बसत होते. या परिषदेच्या अध्यक्षपदी होते आपले डॉ. होमी भाभा. वय पंचेचाळीस. मुंबईत जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाची पायाभरणी करणारा हा माणूस.

अध्यक्षीय भाषणात भाभांनी माणसाच्या ऊर्जेचा सारा इतिहास मांडला. आधी स्नायूंची शक्ती, मग कोळसा आणि तेल, आणि आता अणू. दगडी कोळसा व तेल यांचा साठा कधीतरी संपणार, गरीब देशांना वर यायचे तर त्यांना प्रचंड ऊर्जा लागणार, हे त्यांनी स्पष्ट केले. आणि मग त्यांनी एक भाकीत केले. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मोकळी करण्याची रीत माणसाला सापडेल, आणि तसे झाले की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल, कारण त्याचे इंधन समुद्रातल्या जड हायड्रोजनइतके विपुल असेल, असा त्याचा आशय होता.

सभागृहात खळबळ उडाली. कारण त्या वेळी हा विषय गुप्त होता. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिन्ही देशांत संमीलनावर काम चालू होते, पण कुलूपबंद दारांआड. भाभांच्या भाषणानंतर आपल्याकडे असे संशोधन चालू असल्याचे अमेरिका व ब्रिटनला मान्य करावे लागले. ज्या देशात या विषयाची एकही मोठी प्रयोगशाळा नव्हती, त्या देशाच्या शास्त्रज्ञाने गुपिताचे झाकण उचलले, ही यातली गंमत.

आता दोन शब्द या संमीलनाविषयी. अणुऊर्जा मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक विखंडनाचा. युरेनियमसारखा जड अणुगर्भ फोडायचा. तारापूरला हेच होते. दुसरा संमीलनाचा. हायड्रोजनसारखे हलके अणुगर्भ एकमेकांत मिसळायचे. चार हायड्रोजनचे मिळून एक हेलियम होते तेव्हा वजनात सुमारे ०.७ टक्के घट येते. ही घट म्हणजेच ऊर्जा. १९२० साली आर्थर एडिंग्टन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने कार्डिफच्या भाषणात सांगितले की ताऱ्यांची ऊर्जा बहुधा इथूनच येते. ही शक्ती कधीतरी माणसाच्या कल्याणासाठी वापरता येईल, किंवा त्याच्या आत्मनाशासाठी, असेही त्यांनी त्याच वेळी बजावले होते. पुढे १९३९ साली हान्स बेथे यांनी ताऱ्यांतल्या या प्रक्रियेचे पक्के गणित मांडले. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो.

पृथ्वीवर साधा हायड्रोजन चालत नाही. त्याचे जड भाऊ लागतात, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. ड्यूटेरियम समुद्रात आहे. एक हजार लिटर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण एका लिटर पाण्यातल्या ड्यूटेरियमची सगळी ऊर्जा काढता आली तर ती तीनशे लिटर पेट्रोलच्या तोडीची होईल. त्यामुळे भाभांच्या वाक्यातला इंधनाविषयीचा भाग आजही जवळजवळ खरा आहे. चुकला तो वर्षांचा आकडा.

तो का चुकला? भाभांनी हवेत बाण मारला नव्हता. त्या काळच्या साऱ्या जाणत्या मंडळींच्या मनात एक त्रैराशिक होते. विखंडनाचा शोध लागला १९३८ च्या अखेरीस. १९४२ च्या डिसेंबरमध्ये शिकागोत पहिली अणुभट्टी चालली. १९४५ साली बॉम्ब पडला. जून १९५४ मध्ये रशियातल्या ओब्निन्स्क येथे अणुवीज तारांतून वाहू लागली. शोधापासून विजेपर्यंत पुरती सोळा वर्षेही लागली नाहीत. इकडे संमीलनाचा बॉम्ब, म्हणजे हायड्रोजन बॉम्ब, अमेरिकेने १ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅसिफिकमधल्या बेटावर उडवून दाखवला होता. मग नियंत्रित संमीलनाला वीस वर्षे पुष्कळ झाली, असे कोणालाही वाटले असते.

त्रैराशिकात चूक नव्हती, पण ते चुकीच्या उदाहरणावर बांधले होते. विखंडनात साखळी आपोआप चालते. न्यूट्रॉन एक अणुगर्भ फोडतो, त्यातून आणखी न्यूट्रॉन येतात, ते पुढचे फोडतात. तिथे माणसाचे काम आग आवरण्याचे. संमीलनात नेमके उलटे आहे. तिथे आग विझायलाच टपलेली असते आणि माणसाचे काम ती टिकवण्याचे. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर चूल पेटवलेल्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

शिवाय ही आग साधी नाही. अणुगर्भांवर धन विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायचे तर कोट्यवधी अंशांचे तापमान हवे. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान आहे. पृथ्वीवर त्याच्या दहापट, म्हणजे पंधरा कोटी अंश लागते. असे का? सूर्याचे वजन अवाढव्य, त्यामुळे गाभ्यात हायड्रोजन घट्ट दाबलेला. आणि दुसरे म्हणजे सूर्याला घाई नाही. त्याच्या गाभ्यातला एक घनमीटर तुकडा उष्णता किती देतो, तर साधारण पावणेतीनशे वॅट. आपल्या शेणखताच्या उकिरड्यात कुजणाऱ्या ढिगाचीही जवळपास तेवढीच असते! सूर्य प्रखर आहे तो त्याच्या आकारामुळे. "सूर्य पृथ्वीवर आणायचा" असे आपण सहज म्हणतो, पण सूर्याच्या गतीने चालणारी भट्टी आपल्या काही कामाची नाही. आपल्याला सूर्याहून कितीतरी तडफदार आग हवी असते.

जिनिव्हात भाभांनी तारीख दिली त्याच १९५५ सालाच्या अखेरीस, इंग्लंडमध्ये हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात जॉन लॉसन नावाच्या अभियंत्याने एक टिपण लिहिले. ते गुप्त होते, १९५७ साली प्रसिद्ध झाले. लॉसन यांनी तारीख वगैरे काही दिली नाही. त्यांनी साधा हिशेब मांडला, की संमीलनाच्या भट्टीतून घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर यायची असेल तर कोणत्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात. अटी तीन निघाल्या. तापमान पुरेसे हवे, अणुगर्भांची दाटी पुरेशी हवी आणि ही उष्णता पुरेसा वेळ टिकायला हवी. तीन दगडांची चूल म्हणा. एक दगड काढला की भांडे कलंडते.

त्या एकाच वर्षात अशा दोन गोष्टी घडल्या. एकाने जगासमोर तारीख सांगितली. दुसऱ्याने बंद दाराआड अट सांगितली. तारीख वर्तमानपत्रांत झळकली आणि माझ्यासारख्या मास्तरांच्या तोंडी बसली. अटीची बातमी झाली नाही. पण पुढच्या सत्तर वर्षांचा इतिहास खऱ्या अर्थाने त्या अटीचा आहे.

तारखांची आणि घोषणांची फजिती मात्र वारंवार झाली. भाभांच्याही आधी, मार्च १९५१ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी जाहीर केले होते की त्यांच्या देशातल्या हुएमुल बेटावर रोनाल्ड रिक्टर या शास्त्रज्ञाने नियंत्रित संमीलन साधले आहे. ही ऊर्जा दुधासारखी बाटल्यांतून विकली जाईल, असेही सांगण्यात आले. पुढच्या वर्षी तपासणी समिती बेटावर गेली, तेव्हा तिथे काहीच निघाले नाही. पण ही बातमी वाचून अमेरिकेतल्या लायमन स्पिट्झर यांच्या डोक्यात चक्र सुरू झाले. रिक्टरचे खोटे असेल, पण खरे कसे करता येईल? आणि प्रिन्स्टन येथे अमेरिकी संमीलन संशोधनाचा एक मोठा प्रवाह सुरू झाला. खोट्या बातमीतून खरे काम उभे राहिले.

दुसरी फजिती अधिक बोलकी आहे, कारण ती करणारे लबाड नव्हते. एप्रिल १९५६ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन ब्रिटनच्या भेटीवर आले. त्यांच्यासोबत रशियाचे अणुशास्त्रज्ञ इगोर कुर्चातोव्ह होते. हार्वेलमध्ये त्यांनी व्याख्यान दिले आणि आपले संमीलनाचे प्रयोग मोकळेपणाने सांगितले. सगळे चकित झाले. त्यात त्यांनी एक सावधगिरीची सूचनाही दिली. आमच्या यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडले, पण ते खऱ्या तप्त संमीलनाचे नव्हते, फसवे होते, तेव्हा न्यूट्रॉन दिसले म्हणून हुरळून जाऊ नका.

दोन वर्षे झाली नाहीत तोच, जानेवारी १९५८ मध्ये, त्याच हार्वेलमध्ये झेटा नावाच्या यंत्रातून न्यूट्रॉन निघाल्याचे जाहीर झाले. तापमान पन्नास लाख अंश गाठल्याचा दावा होता. केंद्राचे प्रमुख सर जॉन कॉकक्रॉफ्ट म्हणजे नोबेल मिळालेला, मोजके बोलणारा माणूस. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच आहेत का, असे पत्रकारांनी पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा नव्वद टक्के खात्री आहे, असे ते बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून उरलेले दहा टक्के सगळे विसरले. रशियाचा स्पुटनिक नुकताच आकाशात गेला होता. ब्रिटनला मिरवायला काहीतरी हवेच होते. वर्तमानपत्रांनी सूर्य जिंकल्याचे मथळे दिले.

मग हार्वेलमधल्याच बेसिल रोझ यांनी ते न्यूट्रॉन कोणत्या दिशेला किती वेगाने जातात हे तपासले. खऱ्या तप्त संमीलनातले न्यूट्रॉन चहूकडे सारखेच उधळायला हवेत. हे एका दिशेला अधिक जोरात जात होते. म्हणजे वायू तापलाच नव्हता तितका, विजेच्या धक्क्याने काही कण फक्त भिरकावले गेले होते. कुर्चातोव्हनी सांगितलेले फसवे न्यूट्रॉनच ते! मे १९५८ मध्ये हार्वेलने दावा मागे घेतला. चूक घरातल्याच माणसाने शोधली आणि संस्थेने ती कबूल केली, याला मी मोठेपणा मानतो. पण मथळ्यांच्या आकाराची दुरुस्ती कधी छापून येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनिव्हात दुसरी परिषद भरली आणि मोठ्या देशांनी संमीलनाचे संशोधन गुप्ततेतून मोकळे केले. सर्वांनी आपापली यंत्रे मांडली, तेव्हा कळले की सगळे एकाच खड्ड्यात अडकले आहेत. इतक्या तापमानाला वायू वायू राहत नाही, त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. तो कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य भिंतींत कोंडायचा. पण प्लाझ्मा त्या भिंतींतून वळवळत निसटतो. एक फट बुजवावी तर दुसरीकडून. मुठीत पाणी धरण्यासारखा प्रकार.

यातून वाट काढली रशियाने. आंद्रेई सखारोव्ह आणि इगोर ताम यांच्या १९५० च्या सुमाराच्या कल्पनेवर मॉस्कोत एक यंत्र वाढत होते. मेदुवड्याच्या आकाराची पोकळी, भोवती चुंबकांची वेटोळी आणि प्लाझ्मातून वाहणारा विजेचा प्रवाह. नाव टोकामॅक. ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितले की त्यांच्या टी-३ या टोकामॅकने सुमारे एक कोटी अंश तापमान गाठले आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. झेटाचा चटका ताजा होता.

आर्त्सिमोविच यांनी वाद घातला नाही. त्यांनी ब्रिटिशांना निमंत्रण दिले. तुमच्याकडे लेसरने तापमान मोजायची नवी रीत आहे ना? मग या आणि तुम्हीच मोजा. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात घुसले होते, शीतयुद्ध ऐन भरात होते. तरीही इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेचे पथक काही टन उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले. १९६९ साली त्यांनी मोजले. रशियनांचा दावा खरा निघाला. वर्षभराच्या आत प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी आपले मोठे यंत्र मोडून त्याचा टोकामॅक केला.

संमीलनाच्या सगळ्या कथेत मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. कोणताही विक्रम नव्हता, वीज तर नव्हतीच. एका देशाचा दावा प्रतिस्पर्धी देशाच्या मोजपट्टीने मोजला गेला आणि तो टिकला, एवढेच. पण त्यानंतरच या विद्येला पाय फुटले.

भाभा हे पाहायला राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान मों ब्लां पर्वतावर कोसळले. विमान जिनिव्हाला उतरणार होते. त्याच जिनिव्हाला. त्यांच्या भाकिताची वीस वर्षांची मुदत १९७५ साली संपली. त्यांचे दुसरे काम मात्र उभे राहिले. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि १९६९ साली तारापूरची अणुवीज मिळू लागली. ज्याची विद्या हाती होती ते झाले. जिची विद्याच अजून जन्मायची होती, तिची तारीख हुकली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९७३ च्या तेलटंचाईने पैसा आला. १९८० साली अमेरिकेने कायदाच केला की विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संमीलनाचे प्रात्यक्षिक केंद्र उभारायचे. मी वर्गात सांगत होतो ती तारीख हीच! पण तेल स्वस्त झाले आणि कायद्यात लिहिलेला पैसा कधी आलाच नाही. हाही इतिहासाचा भाग आहे. तारखा फक्त निसर्गामुळे हुकल्या नाहीत, तिजोरीमुळेही हुकल्या. समाजाला खरी गरज भासेल तेव्हा संमीलन तयार होईल, असे आर्त्सिमोविच म्हणत असत, त्याचा हा अर्थ.

मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतल्या युटा येथून बातमी आली की साध्या काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला संमीलन झाले. जगभर धावपळ उडाली. आपल्या ट्रॉम्बेतल्या शास्त्रज्ञांनीही प्रयोग केले, ट्रिटियम सापडल्याचे अहवाल दिले. पण बाहेरच्यांनी मोजायला घेतले की परिणाम हाती लागेना, आणि हा 'शीत' सूर्य जागतिक विज्ञानाने स्वीकारला नाही. त्याच १९८९ साली, गाजावाजा न होता, गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्रिधिमान कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली 'आदित्य' हा भारतात बांधलेला पहिला टोकामॅक सुरू झाला. युटाची बातमी कितीजणांना आठवते आणि 'आदित्य' कितीजणांना, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

कलहॅमच्या जेट या युरोपीय यंत्राने १९९७ साली २४ मेगावॅट उष्णता घालून क्षणभर १६ मेगावॅट संमीलन ऊर्जा मिळवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, निवृत्तीपूर्वी, त्याने पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर एकोणीस युनिट. इंधन लागले केवळ ०.२ मिलिग्रॅम. अर्थात यंत्र चालवायला खर्च झाली ती वीज याच्या कितीतरी पट होती.

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या लिव्हरमोर येथे १९२ लेसर किरणशलाका मिरीएवढ्या गोळीवर एकवटल्या. गोळीकडे पाठवलेली ऊर्जा २.०५ मेगाज्यूल, बाहेर आलेली ३.१५ मेगाज्यूल. घातले त्याहून जास्त मिळाले, प्रयोगशाळेत पहिल्यांदाच. ही थोर गोष्ट आहे. पण ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटही नाही. बादलीभर पाणी आंघोळीपुरते तापेल. आणि ते लेसर चालवायला तारेतून ओढलेली वीज सुमारे ३०० मेगाज्यूल होती, म्हणजे ऐंशीहून अधिक युनिट.

आता जगाची मोठी आशा आहे ती फ्रान्समधल्या कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या इटर या टोकामॅकवर. १९८५ साली रेगन व गोर्बाचेव्ह यांच्या भेटीतून ही कल्पना निघाली. ती भेटही जिनिव्हातच झाली होती. २००५ च्या डिसेंबरमध्ये भारत त्यात सामील झाला. या यंत्राभोवतीचे तीस मीटर उंच पोलादी निर्वात पात्र भारताने दिले. त्याचे भाग सुरतेजवळच्या हजिरा येथे घडवून बोटीने फ्रान्सला गेले. इटरमध्ये ५० मेगावॅट उष्णता घालून ५०० मेगावॅट मिळवायचे ठरले आहे. तरी त्यातून वीज तयार होणार नाही, ते प्रयोगाचेच यंत्र आहे. पहिला प्लाझ्मा २०१६ साली येणार होता. मग २०२५ म्हणाले. २०२४ साली जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधन २०३४ पासून आणि खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ पासून सुरू व्हायचे आहेत. पुन्हा तारीख!

अडचणी अजून आहेत. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. बारा वर्षांत ते निम्मे विरून जाते, म्हणून भट्टीतच लिथियमपासून ते बनवावे लागणार. झपाट्याने येणारे न्यूट्रॉन वर्षानुवर्षे सोसणारी भिंत अजून सिद्ध व्हायची आहे. चाळीसहून अधिक खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आहेत आणि त्यातल्या काही येत्या दहा वर्षांतल्या तारखा देत आहेत. त्यांतली एखादी खरी ठरली तर मला आनंदच होईल.

पण आता मी तारीख विचारत नाही. आपणही पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवतो. ऊर्जा जास्त मिळाली म्हणतात, ती कशापेक्षा जास्त? गोळीवर पडलेल्या प्रकाशापेक्षा, की तारेतून ओढलेल्या विजेपेक्षा? दुसरा, किती वेळ? एक क्षण, पाच सेकंद, की अख्खा दिवस? आणि तिसरा, मोजले कोणी? करणाऱ्यानेच, की शेजारच्यानेही? पहिले दोन प्रश्न लॉसनच्या हिशेबातून येतात. तिसरा झेटाने शिकवला आणि टी-३ ने.

डॉ. भाभांना मी दोष देत नाही. गरीब देशांच्या अंधाराची त्यांना चिंता होती आणि त्या चिंतेपोटी त्यांनी वर्षे मोजली. स्वप्न सांगितले नसते तर हा विषय कदाचित कुलपातच राहिला असता. दोष असेल तर माझ्यासारख्याचा. फळ्यावर मी तारीख लिहिली, अट लिहिली नाही. ती तीन दगडांची चूल त्या मुलांना पाच मिनिटांत समजली असती. मग त्यांनी माझ्या शब्दावर विसंबण्याऐवजी दरवर्षी स्वतःच पाहिले असते की कोणता दगड बसला आणि कोणता अजून हलतो आहे.

डिसेंबर २०२२ ची ती बातमी आली, त्या संध्याकाळी मला फोन आला. तोच विद्यार्थी. म्हणाला, "सर, टीव्हीवर दाखवत्यात. आली म्हणं तुमची वीज." मी त्याला युनिटांचा हिशेब सांगितला. ऐंशीच्या वर घातले, एकही पुरते मिळाले नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी अजून हाय काम." त्याने शेतात सौरपंप बसवला होता. दिवसा पाणी पाजता येत होते, रात्रीचे हेलपाटे संपले होते. "आमचं भागतंय सध्या," तो म्हणाला, "तुमचं चालू द्या."

मला वाटते, संमीलनाबद्दल इतके शहाणे बोलणे मी कोणत्याही परिषदेत ऐकलेले नाही. आजच्या पिकाला आज मिळेल त्या विजेने पाणी द्यावे, आणि चूल बांधणाऱ्यांना चूल बांधू द्यावी.